चक्रीवादळ आणि दैवाचा वाटा

समुद्रावर बळावत किनाऱ्याकडे निघालेले चक्रीवादळ इतर संकटांपेक्षा वेगळे पडते. भूकंप काही सेकंदांत होऊन जातो. त्याच्याआधी सावध व्हायला जवळजवळ वावच नसतो. दुष्काळ महिनोन्‌महिने चालतो आणि त्यात राज्यकर्त्यांचा, साठेबाजांचा, सावकारांचा हात किती होता हे हळूहळू उघड होत जाते. चक्रीवादळ या दोहोंच्या मधले आहे. त्याला अडवणे कोणाच्याही हाती नसते, पण ते येताना दिसते. कुठे आणि साधारण केव्हा धडकेल हे दोन-तीन दिवस आधी बऱ्याच भरवशाने सांगता येते. जे थांबवता येत नाही पण ज्याच्या वाटेतून बाजूला होता येते, अशा संकटात माणसे मेली तर ते दैव म्हणायचे की कोणाचा तरी दोष, हा प्रश्न धर्मचिंतनात आणि तत्त्वज्ञानात पुन्हा पुन्हा आला आहे. वादळ म्हणजे काय हे नीट पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर शोधता येत नाही. पुष्कळ चुकीची उत्तरे तिथेच घाई केल्यामुळे निघालेली आहेत.

अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि पूर्व पॅसिफिक इथल्या तीव्र चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. बंगालच्या उपसागरातले वादळ त्याचेच भावंड. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असले, ती ऊब वरच्या पापुद्र्यापुरती नसून चांगली खोलवर गेलेली असली, हवा दमट असली आणि वातावरणाच्या खालच्या-वरच्या थरांतल्या वाऱ्यांत फारशी तफावत नसली, की वादळाला पोसणारी सगळी सामग्री जमते. बाष्प वर चढते, त्याचे ढग होताना सुप्त उष्णता मोकळी होते, केंद्रातला दाब उतरतो आणि भोवतालची हवा आणखी जोराने आत ओढली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ आत न शिरता घुमत शिरते. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, तर वादळ झपाट्याने बळावले असे हवामानशास्त्रज्ञ मानतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला तर भिंतीवरचा जोर चौपट होतो. म्हणूनच किनारा जवळ आल्यावर बळावणारे वादळ सर्वांत घातक ठरते: सकाळी ज्या वादळासाठी खिडक्या बंद करणे पुरेसे वाटत होते, त्याच वादळासाठी संध्याकाळी गाव सोडावे लागते.

त्याच्यापासून होणारे धोके बातम्यांमध्ये वाऱ्याच्या वेगाने मोजले जातात. एक ते पाच अशी सॅफिर–सिम्पसन श्रेणी फक्त वाऱ्यावरच बेतलेली आहे. ताशी २५२ किलोमीटरच्या पुढचे वादळ पाचव्या श्रेणीत बसते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मरतात ती पाण्याने. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांमुळे थेट झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे नव्वद टक्के पाण्यामुळे झाले आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे एकट्या उधाणामुळे. हे उधाण नेहमीच्या भरतीचे नव्हे. वारा समुद्राला किनाऱ्यावर लोटतो, उथळ तळामुळे त्या पाण्याला परत फिरायला जागा उरत नाही, आणि समुद्राची पातळीच कित्येक मीटर उंचावून गावात शिरते. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला हा मारा अधिक असतो. दुसरा धोका पावसाचा, आणि तो किनाऱ्यावर थांबत नाही. २०१७ साली हार्वे वादळाने टेक्सासमध्ये एका ठिकाणी दीड मीटरहून जास्त पाऊस पाडला. २०२४ साली हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत पुराने आणि दरडींनी शंभराहून अधिक बळी घेतले. वावटळी उठतात, झाडे पडतात, विजेचे खांब मोडतात. आणि वादळ निघून गेल्यावर जे घडते ते तर मोजणीतून सहज निसटते. २०१७ च्या मारिया वादळात पोर्तो रिकोमध्ये सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढच्या महिन्यांतला सगळा हिशेब धरून केलेल्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा अंदाज मान्य केला. वीज नसल्याने बंद पडलेली ऑक्सिजनची यंत्रे, खंडलेले डायलिसिस, न मिळालेली औषधे हे सगळे त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. या माणसांना वाऱ्याने मारले असे म्हणता येत नाही, आणि वादळाशिवाय ती त्या वेळी मेली असती असेही म्हणता येत नाही.

युरोपीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाची मांडणी लायब्निझपासून स्पष्ट होते. १७१० च्या आपल्या ग्रंथात त्याने अनिष्टाचे तीन प्रकार केले: वस्तूंच्या अपूर्णतेतून येणारे, दुःखाच्या रूपातले आणि पापाच्या रूपातले. पुढच्या चर्चेत यातून नैसर्गिक अनिष्ट आणि नैतिक अनिष्ट ही जोडी रूढ झाली. खून हा नैतिक अनिष्टाचा नमुना, वादळ हा नैसर्गिक अनिष्टाचा. ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर पहिल्याचे खापर माणसाच्या स्वातंत्र्यावर फोडता येते. दुसऱ्याचे कोणावर फोडायचे? डेव्हिड ह्यूमने मृत्यूनंतर, १७७९ साली प्रकाशित झालेल्या नैसर्गिक धर्मावरील संवादांमध्ये वाऱ्याचेच उदाहरण घेतले. बाष्प वाहून नेण्यासाठी आणि गलबते हाकण्यासाठी वारा लागतो हे मान्य, पण तो इतक्या वेळा मर्यादा सोडून वादळ का होतो, असे त्याचे म्हणणे. जगाची रचना उपयोगी असली तरी तिची कारागिरी काटेकोर नाही, हा त्याचा मुद्दा होता. आजचे हवामानशास्त्र ह्यूमला अर्धे उत्तर देते: उष्णकटिबंधात साठलेली उष्णता ध्रुवांकडे नेण्याच्या पृथ्वीच्या व्यवस्थेत या वादळांचाही भाग आहे, आणि काही प्रदेशांत दुष्काळ मोडणारा पाऊस तीच आणतात. वादळे का असावीत याचे हे उत्तर झाले. अमक्या घरातले तमके मूल का बुडावे याचे ते उत्तर नाही, आणि धार्मिक मनाला बोचतो तो हा दुसरा प्रश्न.

भारतीय परंपरेने तो वेगळ्या वाटेने हाताळला. सांख्यांनी दुःखाचे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन ताप मानले. सांख्यकारिकेवरच्या गौडपादांच्या भाष्यात थंडी, ऊन, वारा, पाऊस आणि वीज पडणे यांची गणना आधिदैविकात केलेली आहे, म्हणजे वादळ सरळ देवतांच्या खात्यात जाते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात हीच विभागणी घेतली, पण सीमा हलवली. त्यांनी आधिदैविक ताप मृत्यूनंतरच्या भोगांसाठी राखला आणि भूतांच्या संयोगाने होणारी सुखदुःखे आधिभौतिकात घातली. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. जे भूतांच्या संयोगातून होते त्याची पाहणी करता येते, त्याच्याशी झुंजता येते. प्रयत्नाचा एवढा कैवार घेणाऱ्या संताने जगातली बहुतेक दुःखे देवतांच्या खात्यातून काढावीत यात नवल नाही.

या प्रश्नाला सर्वांत उपयोगी पडणारी मांडणी मात्र गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. इथल्या दैवाचा अर्थ शंकराचार्य इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता असा घेतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा असा. अर्थ कोणताही घेतला तरी दोन गोष्टी कायम राहतात. माणसाच्या हाताबाहेरचे एक कारण आहे, आणि ते एकटे नाही. गीतेतला संदर्भ व्यक्तीच्या कर्माचा आहे, पण सामुदायिक आपत्तीला ही मांडणी लावून पाहिली तर ती चपखल बसते. गाव कुठे वसले आहे, बेटावर, खाडीच्या तोंडाशी की समुद्रसपाटीच्या खाली, हे अधिष्ठान. ते तिथे वसवणारे आणि चालवणारे हे कर्ते. बंधारे, रडार, बसगाड्या, निवारे ही करणे. इशारा देणे, गाव रिकामे करणे, शोध घेणे या चेष्टा. आणि वादळ अमक्या दिवशी अमक्या दिशेला वळले, रात्रीत बळावले, हे दैव. आपत्तीनंतर पाचव्या कारणाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, कारण त्याच्यावर खटला भरता येत नाही.

दैवाला नैतिक अर्थ देण्याची, म्हणजे वादळ ही पापाची शिक्षा आहे असे म्हणण्याची प्रथा अनेक धर्मांत आढळते. तिच्याविरुद्धचा फार जुना आणि फार खोल प्रतिवाद बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे, आणि त्यात वादळ दोनदा येते. आधी रानाकडून आलेला प्रचंड वारा घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळतो आणि ईयोबाची सगळी मुले त्याखाली मरतात. त्याचे मित्र सांत्वनाला येतात आणि तू काहीतरी पाप केले असशील असे त्याला नाना परींनी पटवू पाहतात. शेवटी देव बोलतो तो वावटळीतूनच. पण तो मुलांच्या मृत्यूचे कारण सांगत नाही, आणि रागावतो तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. ईश्वराच्या बाजूने बोलतो असे समजून पीडिताला दोषी ठरवणे ही ईश्वराबद्दल केलेली खोटी साक्ष आहे, असा या कथेचा निवाडा आहे.

भारतात हा वाद १९३४ साली वादळावरून नव्हे, भूकंपावरून झाला, पण मुद्दा तोच होता. बिहारच्या भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणणाऱ्या गांधीजींना रवींद्रनाथांनी जाहीर उत्तर दिले. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात आणि नीतीचा संबंध त्यांच्याशी जोडणे अविवेकाला बळ देणारे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपली श्रद्धा सोडली नाही. अस्पृश्यतेवर आघात करण्याचा त्यांचा हेतू निखळ होता. तरीही या वादात रवींद्रनाथांची बाजू बरोबर होती, कारण शिक्षेच्या सिद्धांताला एक साधी कसोटी लागते आणि तो तिच्यावर टिकत नाही: शिक्षा अपराध्यावर पडली पाहिजे. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाल्यावर काही प्रवचनकारांनी त्या शहराच्या मौजमजेला दोष दिला. मौजमजेसाठी ओळखला जाणारा फ्रेंच क्वार्टर हा भाग नदीकाठच्या उंच जमिनीवर असल्याने बहुतांशी कोरडा राहिला. पाण्याखाली गेला तो लोअर नाइन्थ वॉर्ड, कष्टकरी कृष्णवर्णीयांची, चर्चांनी भरलेली वस्ती. पाणी उंची पाहून चालते. शहरात कोणाला उंच जमीन मिळाली आणि कोणाला सखल, हा नीतीचा प्रश्न खराच, पण तो पाण्याला विचारायचा नव्हे.

वादळाबद्दलचे ज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचे वैर मानणाऱ्यांना क्युबाचा इतिहास अडचणीत आणतो. कॅरिबियनमध्ये हरिकेनचे पहिले पद्धतशीर अंदाज एका जेझुइट पाद्र्याने दिले. बेनितो विन्येस १८७० साली हवानाच्या बेलेन विद्यालयातल्या वेधशाळेचे प्रमुख झाले. दाब, वारा आणि विशेषतः उंचावरच्या तंतुमेघांची दिशा यांच्या बारीक नोंदी ठेवून दूरवरच्या वादळाचे केंद्र कुठे असेल हे ते ठरवू लागले. १८७५ च्या सप्टेंबरात त्यांनी वर्तमानपत्रातून वादळाचा इशारा दिला आणि तो खरा ठरला. १८९३ साली मृत्यू येईपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही. ईश्वराची योजना बदलणे माणसाच्या हाती नाही असे मानणाऱ्या या पाद्र्याला कोळ्यांना आणि बागाइतदारांना सावध करणे ही ईश्वराची आज्ञा मोडणे वाटले नाही. उलट ते त्याच्या व्रताचाच भाग होते.

विन्येस गेल्यावर सात वर्षांनी गॅल्व्हेस्टनची दुर्घटना झाली. टेक्सासच्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटावरचे हे भरभराटलेले बंदर. त्याची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून तीन मीटरसुद्धा नव्हती. तिथले अमेरिकी हवामान खात्याचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली स्थानिक वर्तमानपत्रात लिहिले होते की चक्रीवादळ गॅल्व्हेस्टनचे मोठे नुकसान करील ही समजूत निव्वळ भ्रम आहे. १९०० च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मुख्यालयाने क्युबातल्या निरीक्षकांच्या हवामानविषयक तारांवर बंदी घातली. त्यांचे इशारे लोकांना विनाकारण घाबरवतात, असे कारण दिले गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला क्युबावरून गेलेले वादळ फ्लोरिडाकडे वळेल असे मुख्यालयाने गृहीत धरले. हवानातल्या निरीक्षकांना ते टेक्सासकडे जाईल असे दिसत होते. आखाताच्या उबदार पाण्यावर ते बळावले आणि ८ सप्टेंबरला साडेचार मीटरहून उंच उधाण घेऊन शहरावर चढले. सर्वसाधारणपणे मान्य असलेला आकडा आठ हजार मृत्यूंचा आहे. क्लाइन यांची गर्भवती पत्नीही त्यात गेली.

समुद्राकाठच्या सेंट मेरीज अनाथाश्रमात त्या रात्री ९३ मुले आणि दहा संन्यासिनी होत्या. संन्यासिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले आणि त्यांच्याकडून मेरीचे स्तोत्र म्हणवले. इमारत कोसळली, तीन मुलगे वाचले. या प्रसंगाचा अर्थ लावताना धर्मशास्त्राने फार सावध राहिले पाहिजे. त्या दहा जणींची श्रद्धा खरी होती आणि त्यांनी जे करता येण्यासारखे होते ते केले. त्यांच्या श्रद्धेला फळ का आले नाही, असे विचारताना एक दुसरा प्रश्न मागे पडतो: बेटावर काय येते आहे हे सांगू शकणाऱ्या तारा आदल्याच महिन्यात बंद कोणी केल्या? दैवाचा वाटा त्या रात्री होता, पण लोक समजत होते तेवढा नव्हता. बंगालच्या किनाऱ्यावरही असे झाले होते. चक्रीवादळांचा अभ्यासक हेन्री पिडिंग्टन याने १८५३ साली लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून बजावले की मातला नदीवर बंदर बांधू नये, उधाण ते धुऊन नेईल. बंदर बांधले गेले, आणि १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त झाले.

लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात रूसोने आपत्तीतला माणसाचा वाटा शोधण्याच्या या विचाराला सुरुवात केली होती. तिथे सहा-सात मजल्यांची हजारो घरे निसर्गाने एकत्र रचली नव्हती, हा त्याचा मुद्दा दार्शनिक चर्चेला धक्का देणारा होता. ईश्वराच्या न्यायापासून ती एकदम घरांच्या उंचीकडे वळली. १९९० साली जुडिथ श्क्लार या राजकीय विचारवंत स्त्रीने ‘द फेसेस ऑफ इन्जस्टिस’ या पुस्तकात तो पुढे नेला. दुर्दैव आणि अन्याय यांच्यातली रेघ निसर्गाने आखून दिलेली नसते, ती समाज ठरवतो, आणि बहुधा ती ठरवण्याची सत्ता ज्यांच्याकडे असते त्यांना ती दुर्दैवाच्या बाजूला सरकवणे सोयीचे असते, असे तिचे प्रतिपादन आहे. अन्याय करणाऱ्यांइतकीच तिची नजर निष्क्रिय राहणाऱ्यांवर आहे: जे थोपवू शकत होते पण थोपवले नाही.

कॅटरिनाने या प्रतिपादनाला दुःखद पुरावा दिला. वादळ आखातात अतितीव्र झाले तेव्हा, धडकण्याच्या आदल्या दिवशी, हवामान खात्याने दिलेला इशारा इतका स्पष्ट होता की घरे कित्येक आठवडे राहण्याजोगी उरणार नाहीत हे त्यात लिहिले होते. महापौरांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा हुकूम काढला. पण लाखभर रहिवाशांकडे गाडी नव्हती आणि त्यांना हलवण्याची व्यवस्था कागदावरसुद्धा पुरी नव्हती. वादळ किनाऱ्याला लागताना तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले होते. तरीही कालव्यांच्या काही भिंती पाणी त्यांच्यावरून वाहण्याआधीच ढासळल्या. त्यांच्या आराखड्यात दोष होता हे त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता विभागाने पुढे मान्य केले. शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग बुडाला. लुईझियानात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसे पंचाहत्तरीच्या पुढची होती. पाच कारणांपैकी चार इथे मोकळेपणाने दिसतात, आणि पाचवे त्यांच्यामानाने लहान आहे.

मग दैवाला काही वाटा उरतो की नाही? उरतो, आणि तो कुठे उरतो हे २०२३ च्या ओटिस वादळाने दाखवले. २३ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ते साधे उष्णकटिबंधीय वादळ होते आणि धडकेपर्यंत फारसे वाढणार नाही असाच अंदाज होता. प्रत्यक्षात चोवीस तासांत त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटरने वाढला. २५ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ते पाचव्या श्रेणीचे होऊन आकापुल्कोवर आदळले. लाखोंच्या वस्तीला तयारीला जेमतेम काही तास मिळाले. इथे कोणी इशारा दडपला नव्हता, कोणी हयगय केली नव्हती. संगणकावरच्या प्रतिमाने ते बळावणे पकडू शकली नाहीत. ज्ञान जिथे संपते तिथून पुढे दैव सुरू होते असे म्हणायचे, तर त्याची हद्द दरवर्षी मागे हटते आहे, पण ती शून्यावर आलेली नाही.

यामुळे इशारा देणाऱ्याचे नीतिशास्त्र अवघड होऊन बसते. वादळाच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो पांढरा शंकू काढतात, त्याचा अर्थ एवढाच की वादळाचे केंद्र साधारण तीनांपैकी दोन वेळा त्याच्या आत राहते. तिसऱ्या वेळी ते बाहेर जाते. आणि पाऊस, वारा, उधाण तर त्या शंकूच्या कितीतरी बाहेर पोहोचतात. लोक मात्र त्या रेषेला कुंपण समजतात. इशारा द्यावा तर दहा लाख माणसांची रोजी बुडते, म्हातारी माणसे प्रवासात दगावू शकतात, आणि वादळ वळले तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. न द्यावा तर गॅल्व्हेस्टन होते. अनिश्चिततेत बोलणाऱ्याने आपली अनिश्चितता लपवू नये आणि तिच्या आडोशाला गप्पही बसू नये, एवढे या दोन्ही बाजूंतून निघते. ज्योतिष्याला आणि प्रवचनकाराला हे बंधन सहसा पाळावे लागत नाही. हवामान खात्याच्या माणसाला दर सहा तासांनी पाळावे लागते.

ऐकणाऱ्याचीही एक बाजू आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण मराठीत वाचलेला माणूस म्हणतो, किंवा वाचलेल्याबद्दल म्हणतात. ती मेलेल्याच्या घरात कोणी उच्चारत नाही. इशारा आल्यावर घर न सोडण्याचा आधार म्हणून ती वापरली, तर तिचे रूप ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असे होते, आणि त्या वृत्तीला याच भाषेने कधीच बरे म्हटलेले नाही. मात्र मागे राहणारे सगळे अंधश्रद्धाळू असतात ही सुशिक्षितांची सोयीची समजूत आहे. माणसे राहतात ती बहुधा गाडी नसते म्हणून, आजारी आई हलवता येत नाही म्हणून, गुरे सोडवत नाहीत म्हणून, निवाऱ्यात बायकांना सुरक्षित वाटत नाही म्हणून, मागच्या वेळी काही झाले नाही म्हणून. श्रद्धेला दोष देण्याआधी ही कारणे पुसून टाकावी लागतात, आणि ती पुसणे माणसांच्या हाती असते. ओडिशाने ते काही अंशी करून दाखवले. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन हे तितकेच भयंकर दिसणारे, उपसागरावर झपाट्याने बळावलेले वादळ आले. त्या आधी जवळपास दहा लाख लोकांना हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत ओडिशाच्या लोकांचे पाप कमी झाले असे कोणी म्हणत नाही. निवारे वाढले, रस्ते झाले, गावोगाव माणसे तयार झाली.

गॅल्व्हेस्टनने नंतर जे केले तेही याच जातीचे होते. समुद्राकडे सुमारे पाच मीटर उंच भिंत बांधली आणि १९०३ पासून काही वर्षे खपून घरांखाली वाळू भरत शहराची जमीनच वर उचलली. तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्चही जॅक लावून दीड मीटर उचलण्यात आले. १९१५ साली पुन्हा मोठे वादळ आले तेव्हा त्या भिंतीने शहर राखले.

या हिशेबात अलीकडे एक नवी गुंतागुंत शिरली आहे आणि ती दार्शनिकदृष्ट्या सर्वांत कठीण आहे. समुद्र तापत आहेत, आणि ते माणसाने जाळलेल्या इंधनामुळे. गेल्या चार दशकांत तिसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या वादळांचे प्रमाण बहुधा वाढले आहे, असा आंतरसरकारी हवामानबदल समितीचा निष्कर्ष आहे. झपाट्याने बळावण्याच्या बाबतीतही तसेच. म्हणजे आतापर्यंत ज्याला निखळ दैव म्हणता येत होते त्या पाचव्या कारणातच माणसाची चेष्टा मिसळली. कर्मसिद्धांताला यातून मोठी अडचण येते. तो सिद्धांत सांगतो की कर्माचे फळ करणाऱ्याकडेच परत येते. इथे करणारे एका खंडात राहिले आणि गेले, आणि फळ दुसऱ्या खंडात, पुढच्या पिढीच्या, कॅरिबियनमधल्या एखाद्या कोळ्याच्या पदरात पडते आहे. सामुदायिक कर्म अशी कल्पना करून ही फट सांधण्याचा प्रयत्न होतो. पण सगळ्यांचे म्हणून ठेवलेले कर्म कोणाचेच न राहण्याचा धोका त्यात आहे. पूर्वजन्माचा हवाला देऊन त्या कोळ्यालाच दोषी धरणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची चूक संस्कृत परिभाषेत पुन्हा करणे.

कायद्याने आणि व्यवहाराने या प्रश्नाची वाटणी धर्मशास्त्राआधीच सुरू केली आहे. करारांतली दैवी आपत्तीची सबब फार जुनी. पण जे आधी कळू शकत होते आणि वाजवी काळजीने टाळता येत होते त्याला ती लागू पडत नाही, असाच न्यायालयांचा कल राहिला आहे. त्यामुळे अंदाज जितके सुधारतात तितकी ही सबब आखडते. २०२२ साली शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी आणि नुकसान यांसाठी निधी उभारण्याचे ठरले. ग्रेनाडा या छोट्या देशाने त्याआधीच आपल्या कर्जरोख्यांत एक कलम घालून घेतले होते: ठरावीक तीव्रतेचे हरिकेन आले तर हप्ते काही काळ पुढे ढकलता येतील. २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळ, वर्षाच्या इतक्या सुरुवातीला त्या तीव्रतेला पोहोचलेले अटलांटिकमधले पहिलेच, ग्रेनाडाच्या कॅरिअकू बेटावर चौथ्या श्रेणीचे होऊन धडकले आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या श्रेणीत गेले. कॅरिअकूवरची बहुतेक सगळी घरे मोडली. ग्रेनाडाने ते कलम वापरले, आणि त्या वर्षी सावकारांना जायचा पैसा घरे उभी करण्याकडे वळवता आला.